उंबरठ्याबाहेरचा लॅपटॉप

"केबल बदलली का?" मास्तरांनी विचारलं.

"बदलली."

"मग?"

"मग काय, तेच. फोटो काढला की नुसतं चाक फिरतंय."

"किती वेळ?"

"तुम्हीच बघा की."

मास्तर बघत बसले. लॅपटॉपच्या पडद्यावर एक बारीक चाक फिरत होतं. फिरत होतं... फिरतच होतं...

मग फोटो आला. आधी धुरकट, मग हळूहळू स्वच्छ.

"डावा दिवा जास्त झाला. दगड चमकतोय," विक्रांत म्हणाला आणि गाभाऱ्याकडे पळाला.

"पाय," मी म्हणालो.

तो थांबला. दातओठ खात तांब्या उचलला, पायांवर पाणी ओतलं आणि आत गेला.

मी या टेकडीवरच्या भैरोबाचा गुरव. माझा बाप गुरव होता, त्याचा बापही. देवाला आंघोळ घालायची, शेंदूर चढवायचा, वस्त्र नेसवायचं, एवढं आम्हाला येतं. शाळा मला फारशी मानवली नाही.

आमचा देव शेंदराचा. पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्याला नवसाचा शेंदूर चढवला. थरावर थर बसले. नाक गेलं, ओठ गेले, चेहऱ्याच्या जागी गोटा राहिला. वर चांदीचे डोळे चिकटवलेले. त्या गोट्यालाच आम्ही हात जोडत आलो.

असं कवच फार जड झालं की देव ते सोडतो. आमच्या देवानं यंदा सोडलं. चैत्रातच तडा गेला होता. मी कौल लावला, उजवं फूल पडलं, दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी साऱ्या गावासमोर कवच उतरवलं आणि आतून काळ्या पाषाणाची मूर्ती निघाली.

रीत अशी आहे, की देव उघडा ठेवायचा तो दिवेलागणीपर्यंत. त्याआधी तेल आणि शेंदूर चढलाच पाहिजे. एकदा चढला की तो चेहरा गेला. पुढचं कवच सुटेल तेव्हा आज टेकडी चढून आलेल्यांपैकी कोणी नसेल.

म्हणून गावानं फोटो काढायचा ठरवला. मोठा करून सभामंडपात लावायचा.

माझाही त्या फोटोत एक स्वार्थ होता. माझा एक डोळा ऑपरेशनात गेला. दुसऱ्यावर पडदा आहे आणि त्याला मी कोणाला हात लावू देत नाही. सकाळी कवच उतरवलं ते माझ्याच हातांनी. बोटांना नाक लागलं, मिशी लागली, कपाळावर काहीतरी खोलगट लागलं. पण डोळ्याला दिसला तो अंधारातला काळा दगड. उजेडाच्या पडद्यावर हातभर चेहरा आला असता, तर मला दिसला असता.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणही नव्हतं.

मास्तर म्हणजे दस्तगीर अत्तार. तालुक्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या भागातल्या नवऱ्या लग्नात हसल्या त्या मास्तरांनी सांगितलं तेव्हा. गाव पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेलं होतं.

ते म्हणाले होते, "माझा हात हलतो आता. देव हलत नाही, तर फोटोवाल्यानं हलून कसं चालेल? माझ्या शिष्याला बोलवा. त्याच्या हाताची हमी मी देतो."

शिष्य म्हणजे आमच्याच भागातला विक्रांत भोईटे. मास्तरांच्या फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत वाढला आणि पुण्याला जाऊन मोठा झाला. रस्त्यावरच्या मोठमोठ्या फलकांवर त्याचे फोटो असतात म्हणे. त्याच्या पेट्या वर आणायला गावाची निम्मी माणसं लागली.

आमच्या गाभाऱ्यात आंघोळ करून, अनवाणी जायचं. कातडं न्यायचं नाही. बाहेर पाऊल पडलं की आत येताना पुन्हा पाय धुवायचे. कॅमेऱ्याचा पट्टा कातडी होता, तो मी काढायला लावला. आत एक माणूस, कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि दोन दिवे मावले. लॅपटॉप मावला नाही. तो बाहेर सभामंडपात पाटावर राहिला. मधून लांबलचक वायर.

फोटो आत निघायचा आणि बाहेर दिसायचा. म्हणजे दिसायला हवा होता.

विक्रांत दिवा हलवून, फोटो काढून बाहेर आला. पाटापाशी उकिडवा बसला.

चाक फिरत होतं.

"आरं, वायर उपटून टाक की!" दारापाशी बसलेली हौसाक्का म्हणाली. "फोटोच काढायचा ना? तुझ्या आज्याचा काढला व्हता मास्तरनं, तवा कुठं व्हती वायर?"

हौसाक्का गावातली सगळ्यात म्हातारी. नातवानं पाठीवर घेऊन तिला वर आणली होती. देव झाकेपर्यंत उठायची नाही, असं तिनं आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

"आक्का, कॅमेऱ्याच्या मागची काच केवढी, बघितली का? आगपेटीएवढी. तिच्यात सगळंच बरं दिसतं. दगड तेलकट आहे. दिवा जरा चुकला की नाकाच्या जागी पांढरा डाग. मोठ्या पडद्यावर बघितल्याशिवाय कळतच नाही," विक्रांत म्हणाला.

"मास्तरला कळायचं."

"मास्तरांनाही कळायचं नाही," मास्तर म्हणाले. "फोटो धुतल्यावर कळायचं. तोवर वऱ्हाड निघून गेलेलं असायचं. पोरगा वायर लावतोय ते बरोबर आहे."

विक्रांतनं हौसाक्काकडे बघून मान उडवली.

"वायर बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पोरगं चुकतंय."

मान जागच्या जागी थांबली.

"मास्तर, हे तुमच्या डार्करूमसारखं नाही. यात शंभर गोष्टी असतात. केबल असते, हब असतो, पोर्ट असतं, बॅटरी असते, सॉफ्टवेअर असतं..."

"मग त्यातलं काय बिघडलंय?"

"तेच बघतोय ना!"

"बघत नाहीस. हलवतोयस."

विक्रांत ताडकन उठला. मग त्यानं सगळंच केलं. दोन वायरी जोडून एक लांब केलेली होती, तो जोड सोडवला. मध्ये हब नावाची पांढरी डबी होती, ती काढून फेकली. डाव्या बाजूची वायर उजव्या बाजूला खुपसली. एका दिव्याची पिन काढून तिथं लॅपटॉपचा चार्जर लावला. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. हे सगळं त्यानं एका दमात केलं, आणि सबंध वेळ लॅपटॉपला अशा शब्दांत बोलत होता, की मी दोनदा घसा खाकरला.

वायर आता तोकडी झाली. पाट ओढून त्यानं उंबरठ्याला भिडवला.

"उंबरठ्याला नाही लावायचं," मी म्हणालो.

"टेकलेला नाही हो बाबा!"

"टेकेल."

पाट चार बोटं मागं सरकला.

"पाय."

त्यानं पाय धुतले, आत गेला. खटक. लॅपटॉपवर लगेच फोटो. खटक. लगेच दुसरा. खटक, तिसरा.

"झालं!" आतून आवाज आला. "बघितलं का मास्तर? झालं!"

"कशानं झालं?"

"काय?"

"जोडानं, डबीनं, चार्जरनं की बंद करून चालू केल्यानं?"

"झालं ना! आता काय फरक पडतो?"

खटक झालं. चाक फिरायला लागलं.

पुन्हा खटक. चाक तसंच.

विक्रांत बाहेर आला. चाकाकडे बघत उभा राहिला. कपाळावरचा घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन लटकला आणि तो थेंबही पडेना.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

त्यानं मनगटानं नाक पुसलं.

"मघाशी कशानं सुधारलं ते तुला माहीत नव्हतं. म्हणजे ते सुधारलंच नव्हतं. सगळं होतं तसं लाव."

"काय?"

"डबी, जोड, दिवा. सगळं जागच्या जागी. मग एकेक काढ. एक काढलंस की फोटो घे, बघ, आणि परत लाव. मग दुसरं."

विक्रांत हसला. ते हसू बरं नव्हतं.

"मास्तर, सूर्य बघा कुठं आलाय!"

"तो एकाच वाटेनं चाललाय. पोचेल."

"मी मोठमोठ्या जाहिरातींची कामं करतो हो. माझ्या हाताखाली माणसं आहेत हे बघायला. मला काय पहिल्या दिवशीच्या पोरासारखं..."

"पहिल्या दिवशी बरा होतास," मास्तर म्हणाले.

त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि विक्रांतकडे पाठ करून बसले. समोर नुसती भिंत. भिंतीकडे बघत बसले.

मी शेंदराची परात पुढं ओढली. तेल घातलं. मळायला लागलो. मला काय, माझी वेळ ठरलेली होती.

हौसाक्का म्हणाली, "गुरवा, एवढी घाई करू नगंस."

"मी घाई करत नाही. मी मळतोय."

"म्या देव बघितला सकाळी. पर लांबनं. गर्दी व्हती."

"बघितलास ना? मग झालं."

"आन् तू? तू बघितलास?"

मी परातीत आणखी तेल ओतलं. म्हातारीला नको तिथं दिसतं.

कोपऱ्यात सकाळी उतरवलेलं कवच ठेवलं होतं. नदीत सोडायचं होतं. फुटलेल्या कडेला सगळे थर दिसत होते. शेंदरी, काळपट, तांबडे, पुन्हा शेंदरी.

"माझ्या सासूनं शेंदूर चढवला व्हता," हौसाक्का त्याकडे बघत म्हणाली. "माझा धोंडिबा वाचला तवा. त्यातला कुठला असंल रं?"

"शोध," मी म्हणालो.

विक्रांत कमरेवर हात ठेवून मास्तरांच्या पाठीकडे बघत होता. पाठ हलली नाही. शेवटी तो खाली वाकला आणि ती पांढरी डबी शोधायला लागला.

त्यानं सगळं होतं तसं लावलं. तोवर चाक थांबलं होतं. मग नुसती डबी काढली. पाय धुतले, आत गेला, फोटो काढला, बाहेर आला. फरक नाही. डबी परत लावली. चार्जर लावला. पाय धुतले, आत, बाहेर. फरक नाही. दुसऱ्या बाजूचं पोर्ट. पाय. आत, बाहेर. फरक नाही.

मास्तर भिंतीकडे तोंड करून प्रत्येक वेळी एवढंच विचारत, "काय काढलं? काय झालं?" आणि विक्रांत ठिणगी उडावी तसं उत्तर देई.

त्याच्या पायांच्या पाण्यानं सभामंडपात ओहोळ झाला होता.

मग त्यानं जोड काढला. एकच अखंड वायर लावली. फोटो लगेच आला.

"जोड," विक्रांत म्हणाला. आवाज जरा उतरला होता. "जोडच होता."

मास्तरांनी खुर्ची फिरवली.

"अजून घे."

दुसरा लगेच आला. तिसराही. चौथ्याला चाक.

विक्रांतनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अरे काय आहे काय याचं! काय पाहिजे काय याला!"

"ओरडू नको. देव समोर आहे," मी म्हणालो.

"देवालाच विचारतोय मी!"

मास्तर उठून आले. त्यांनी वायर बोटांत धरली, थरथरत्या बोटांनी शेवटपर्यंत चाचपत नेली आणि सोडून दिली.

"वायरीचा जेवढा दोष होता तेवढा गेला," ते म्हणाले. "वाट खराब असती तर पहिलाच अडखळला असता. पहिले पळत येतात, मागचे तुंबतात. वाट मोकळी आहे, विक्रांत. घरात दारातच कोणीतरी उभं आहे."

"कोण उभं असणार?"

"मला काय माहीत? घर तुझं आहे."

विक्रांत पडद्यापाशी वाकला. अखंड वायर तोकडी. पाट उंबरठ्याला लावायचा नाही. वायर ओढली की आतलं तिकाटणं हलायचं. तो वैतागून इकडं तिकडं बघायला लागला.

"आण हिकडं," हौसाक्का म्हणाली. "माझ्या मांडीवर ठेव. म्या काय उंबरठा न्हाई."

लॅपटॉप तिच्या मांडीवर गेला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, नातवाला पहिली आंघोळ घालताना धरावं तसा.

"मांडी भाजतीया गं बाई! ताप आलाय ह्याला!"

"तो तापतोच, आक्का. हलू नको."

"पाय," मी म्हणालो.

विक्रांत आत गेला. खटक. हौसाक्का डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिली. पुन्हा खटक.

"आरं इक्रांता."

"काय?"

"हे पांढरं काय उमटतंय देवाच्या छातीवर?"

आतलं खटक थांबलं.

"देव येतो आदी. चांगला येतो. मग चाक फिरतंय, आन् मग हे पांढरं उमटतंय. वळवळीत. काय हाय हे? अंगारा हाय काय?"

विक्रांत दारात येऊन उभा राहिला.

"नाव आहे," तो म्हणाला.

"कुणाचं? देवाचं?"

"...माझं."

मी परातीतला हात थांबवला.

"कधी पडतं ते?" मास्तरांनी विचारलं.

"आपोआप पडतं. फोटो आला की."

"प्रत्येकावर?"

"प्रत्येकावर. मग तो माझ्या पेजवर जातो. लोक बघताहेत तिकडं. हजारो लोक. मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, देवाचं मूळ रूप पहिल्यांदा माझ्या पेजवर दिसेल म्हणून."

"इथे रेंज आहे?"

"एखादी कांडी येते. जाते."

"मग फोटो कसा जातो?"

"जाईल तेव्हा जाईल..."

"आणि तो जाईपर्यंत मागचे?"

विक्रांतनं लॅपटॉपकडे बघितलं. हौसाक्काच्या मांडीवर चाक फिरत होतं.

"काढ," मास्तर म्हणाले.

"मास्तर..."

"नाव काढ. पाठवणं बंद कर."

"नाव कसं काढू? उद्या हा फोटो कोणीही उचलेल. रस्त्यावर फ्रेम करून विकतील. कॅलेंडरवर छापतील. काढला कोणी, तर कोणीच नाही! मी सकाळपासून इथं पाय धुतोय, आणि..."

"काढ."

"तुमच्या फोटोंवर नव्हतं का तुमचं नाव?" विक्रांतचा आवाज चढला. "होतं की! जांभळ्या शाईतला शिक्का. अत्तार फोटो स्टुडिओ. तुमचं नाव ते नाव, आणि माझं..."

"शिक्का कोण मारायचं?"

"मी. मीच मारायचो."

"कुठं?"

"फोटोच्या मागं."

"कधी?"

विक्रांतनं चौकट धरली.

मास्तर थांबले. त्यांना घाई नव्हती. घाई मला होती. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन समोरच्या खांबावर चढलं होतं.

"कधी, विक्रांत?"

"...वाळल्यावर."

"एकदा ओल्यावर मारला होतास."

"आठवतं."

"सांग यांना."

विक्रांतनं माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "ओल्या फोटोंची चळत होती. मी घाईत शिक्के मारत गेलो. वरच्या फोटोची शाई खालच्यावर उतरली. कदमांच्या लग्नाचे फोटो होते."

"कुठं उतरली?"

"नवरीच्या कपाळावर."

हौसाक्का खुदकन हसली. "म्हंजी कुंकवाच्या जागी मास्तरचं नाव? नवऱ्यानं काय केलं?"

"नवऱ्यानं मास्तरांची गचांडी धरली."

"माझी धरली," मास्तर म्हणाले. "नाव माझं होतं ना."

ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. या वेळी पाठ केली नाही. नुसते बसले.

विक्रांत हौसाक्काच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला. तिच्या मांडीवरच त्यानं काय काय दाबलं, काय काय बंद केलं. एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं. तिथंच राहिलं...

मग त्यानं ते दाबलं.

"पाय धुतो," तो स्वतःच म्हणाला.

खटक. फोटो. खटक. फोटो.

"उजवा दिवा खाली घे," मास्तर बाहेरून म्हणाले. "नाकावर डाग आहे."

खटक. फोटो.

"आता डावा मागं. अजून. भिंतीला लाव."

खटक. फोटो.

चाक फिरलं नाही. आत दिवा हलायचा आणि बाहेर देवाचा चेहरा बदलायचा. विक्रांतला बाहेर यावं लागत नव्हतं. मास्तर बघून सांगत होते, तो आत ऐकत होता. दोघांत दुसरा शब्द नव्हता. "खाली." "वर." "थांब." "घे." पूर्वी ते असंच काम करत असतील.

"थांब," मास्तर म्हणाले. "हलवू नको आता काही. घे."

खटक.

मास्तर उठले. हौसाक्काच्या मांडीवरचा लॅपटॉप त्यांनी उचलला. माझ्यापुढं आणला आणि परातीपलीकडं धरला.

"गुरव," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. त्यांना कोणी सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही.

पडद्यावर हातभर चेहरा होता. मी मान पुढं घातली.

कपाळावरचा खोलगटपणा म्हणजे तिसरा डोळा होता, मिटलेला. मिशीचं एक टोक झिजून गेलेलं. एका कानात कुंडल, दुसरा कान रिकामा. मला वाटलं होतं भैरोबा रागीट असेल. रागीट नव्हता. हसराही नव्हता. भुवया जरा उचललेल्या, ओठ एका बाजूला दाबलेले. कोणीतरी तीच ती गोष्ट पुन्हा सांगायला आलंय, आणि ती ऐकावी लागणार आहे, असा चेहरा.

"कसा हाय रं?" हौसाक्कानं विचारलं. "मला तर डोळ्यांत पाणी आलं, काय दिसंना."

"कंटाळलाय," मी म्हणालो.

हौसाक्का जरा थांबली. "असंल बाबा. आपल्याला बघून बघून."

मी किती वेळ बघितलं, ते मला ठाऊक नाही. मास्तरांचे हात थरथरत होते, पण त्यांनी लॅपटॉप खाली घेतला नाही. मग खांबावरचं ऊन वाशापर्यंत चढून विझलं आणि मी उठलो.

"दिवे काढा," मी म्हणालो. "तिकाटणं काढा. माझी वेळ झाली."

विक्रांतनं भराभर सगळं बाहेर काढलं. मी पाय धुतले. परात घेतली आणि आत गेलो.

पहिलं बोट कपाळावर. मग नाक, मग ओठ. मळलेला शेंदूर दगडावर गार लागतो. मिटलेल्या डोळ्याच्या खोलगटात जरा जास्त भरावा लागला. ओठांवरून हात फिरवताना मला माहीत होतं ते कोणत्या बाजूला दाबलेले आहेत. माझ्या बापाला ते माहीत नव्हतं.

चांदीचे डोळे बसवले. समई लावली. घंटा वाजवली.

बाहेर आलो तेव्हा विक्रांत वायर गुंडाळत होता. कोपरावरून, सावकाश, पीळ न पाडता. फोन त्याच्यापुढं पाटावर पडला होता. पडदा उजळायचा, विझायचा.

"सारखं विचारताहेत लोक," तो म्हणाला. "फोटो कुठंय म्हणून."

मास्तर गाभाऱ्याच्या दारापाशी येऊन खाली बसले होते. त्यांनी हात जोडले नव्हते आणि सोडलेलेही नव्हते. आत बघत होते. समईच्या उजेडात देव पुन्हा गोटा झाला होता. लाल, ओला, चकचकीत.

विक्रांतनं वायर पिशवीत ठेवली. चेन लावली. पुन्हा उघडली. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मास्तरांच्या शेजारी येऊन बसला. पडद्यावर तोच चेहरा होता. कुठं काही लिहिलेलं नव्हतं.

"छान आलाय," तो म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली.

"आता तर वायरही नाही, मास्तर. घाईही नाही. काम झालं." तो थांबला. "आता टाकू का नाव?"

मास्तरांची नजर उंबरठ्यावर गेली.

माझ्या हातावरून शेंदराचा एक थेंब उंबरठ्यावर पडला होता. मी पुसायला वाकलो. मास्तरांनी माझं मनगट धरलं. मग त्यांनी स्वतःचं बोट त्या थेंबावर टेकवलं आणि उचलून विक्रांतच्या डोळ्यांसमोर धरलं. बोटाचं टोक लाल झालं होतं.

"अजून ओलं आहे," ते म्हणाले.